वय वर्षे पंधरा

भुईगावच्या विद्याधर राऊतांच्या वाडीत त्या दिवशी सुकेळी घालायचे काम चालले होते. १९५१ सालचा मार्च अर्धा सरला होता. आढीतली राजेळी केळी हळदीसारखी पिकली होती आणि विहिरीजवळच्या मांडवावर कालची सोललेली केळी उन्हात आकसत होती. रहाट कुरकुरत होता, पाटाचे पाणी पानवेलींच्या वाफ्यांत शिरत होते. मांडवाच्या सावलीत दोन बहिणी केळी सोलत बसल्या होत्या.

धाकटी मंदा बारा वर्षांची. ती सातवीत होती आणि महिन्याभरावर परीक्षा आली होती. थोरली जयवंती चौदा वर्षांची. तिला आठवा महिना लागला होता. पहिल्या बाळंतपणासाठी ती सासरहून माहेरी आली होती.

"पूर्वेला वाहणाऱ्या नद्या सांग," जयवंती म्हणाली.

"गोदावरी, भीमा, कृष्णा…"

"भीमा कृष्णेला मिळते, म्हणजे ती उपनदी. उपनद्या वेगळ्या सांग, नाहीतर गुण जातात."

"पुस्तक न बघता तुला सगळं कसं येतं गो ताई?"

"गेल्या साली मीच नाही का बसले होते परीक्षेला?" जयवंती हसली. मग हात पुसून तिने मंदाच्या मांडीवरचे पुस्तक उचलले, डोळ्यांजवळ नेले, लांब धरले आणि परत ठेवून दिले. "तूच वाच. मला सकाळपासून पांढरे पांढरे ठिपके दिसतायत. अक्षरं सगळी त्यांच्या खाली जातात."

शांताबाई ताकाचा तांब्या घेऊन येत होत्या, त्यांनी ते ऐकले. लेकीच्या पायांकडे त्यांची नजर गेली. जोडवी बोटांत रुतून बसली होती. घोट्याचे हाड दिसत नव्हते. चेहराही सकाळी उशीवरून उठावा तसा सुजरा, आणि आता तर दुपार कलली होती.

खाडीकडच्या पाड्यावरची धोंडूबाई त्या दिवशी वाडीत निंदायला आली होती. पंचक्रोशीतली निम्मी मुले तिच्या हातावर जन्मली होती. शांताबाईंनी तिला हाक मारली. धोंडूबाईने जयवंतीच्या पायावर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

पोरींना ऐकू जाऊ नये म्हणून तिने शांताबाईंना विहिरीच्या पलीकडे नेले. "बाय, ह्यो सुजेचा पानी चांगला नाय. पोरीचा आंग आजून भरला नाय, कंबर तर पोरासारखी हाय. मी हात लावनार नाय. वसईच्या डाक्तरला दाखवा, उद्याच दाखवा."

शांताबाईंनी ते संध्याकाळी नवऱ्याला सांगितले. विद्याधरांनी ते थोरल्या भावाला, काशिनाथदादांना सांगितले, कारण त्या घरात कोणतीही गोष्ट दादांच्या कानावर घातल्याशिवाय होत नसे. दादा विड्याची पाने मोजत होते. मान वर न करता ते म्हणाले, "आपल्या घरात आजवर काय बाळंतपणं झाली नाय? सूज तं येतेच. डॉक्टरकडं पोर नेली तं तिच्या सासरची चुरी मंडळी म्हणतील, दुखणाईत पोर आपल्या गळ्यात बांधली."

विद्याधर गप्प राहिले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्याकडे रोज वर्तमानपत्र येई, आणि ज्ञातीच्या सभेत 'मुलींचे शिक्षण' या विषयावर त्यांनी एकदा भाषणही केले होते. पण त्यांचे शहाणपण घराच्या उंबऱ्याबाहेरच उजेड पाडी. आत आले की दादांसमोर ते खाली मान घालून बसे.

*

एक वर्षापूर्वीची गोष्ट सांगितल्यावाचून पुढची कळणार नाही.

गेल्या वर्षी जयवंती सातवीच्या परीक्षेत वसई केंद्रात पहिली आली होती. नरहरी मास्तर भुईगावच्या शाळेचे हेडमास्तर. तिथे सातवीपर्यंतच वर्ग होते. पुढे शिकायचे तर वसईच्या हायस्कुलात जावे लागे. दर वर्षी जून महिन्यात मास्तर आपल्या मुलांना घेऊन स्वतः हायस्कुलाच्या दारापर्यंत जात, फॉर्म भरून देत, कोणाच्या वडिलांची समजूत घालायची राहिली असेल तर पुन्हा मागे येऊन ती घालत. एकोणीस वर्षांत त्यांनी असे दीडशेच्या वर मुलगे पोचवले. मुलगी मात्र एकही नाही. जयवंती पहिली ठरणार म्हणून ते हरखले होते.

काशिनाथदादा शाळेत आले आणि त्यांनी जयवंतीचा दाखला मागितला, तेव्हा मास्तरांनी शाई नवी कालवली. जन्मतारीख लिहायला त्यांनी रजिस्टर उघडले, तेव्हा दादांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"वय पंधरा लिवा, मास्तर. वैशाखात लगीन हाय. स्थळ चांगला हाय, आगाशीकडचे चुरी. कायद्यानं पंधरा लागतात म्हणे. कोणी वंगाळ माणसानं तक्रार केली तं हाताशी कागद असावा, दुसरं काय नाय."

मास्तरांनी थोडे आढेवेढे घेतले. पण शाळेची इमारत राऊतांच्या जागेत उभी होती, दादा शाळा कमिटीवर होते, आणि लग्न तर दाखला दिला नाही तरी होणारच होते. मास्तरांनी स्वतःला हेच समजावले. रजिस्टरात तेरा वर्षे पाच महिने होते. कागदावर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिले: वय वर्षे पंधरा. आणि खाली सही केली.

लग्नाचे जेवण ते जेवले नाहीत. पोट दुखते म्हणून सांगून ते घरी राहिले. आपण एवढे तरी केले, असे त्यांना तेव्हा वाटले होते.

*

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात परीक्षा आली. पहाट फुटताच नरहरी मास्तर नऊ मुलगे आणि दोन मुली घेऊन वसईला चालत निघाले. मुलींपैकी एक मंदा आणि दुसरी शेजारच्या सॅन्टनची सेलिन. सांडोर गावच्या केळीच्या बागांमधून वाट जात होती. जयवंती रात्रभर डोके धरून बसली होती, तरी मंदा निघताना ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "गणित आधी कच्चं करून बघ. घाई करू नकोस."

साडेअकराच्या सुमारास मास्तर परीक्षेच्या इमारतीबाहेर उभे होते. आत मुले गणित सोडवत होती. रस्त्यावरून एक बैलगाडी भरधाव आली. गाडीवान उभा राहून बैल हाकत होता आणि मागे शांताबाई कोणाला तरी दोन्ही हातांनी दाबून धरत होत्या. गाडीच्या फळीबाहेर आलेला पाय ताठ झाला होता आणि झटक्याने हालत होता. मास्तरांनी बाजूला बसलेले विद्याधर आणि काशिनाथदादा ओळखले. ते गाडीमागून धावले.

दवाखान्यात जयवंतीला टेबलावर घेतले तेव्हा तिसरी आकडी आली. डॉक्टरांनी तिच्या दातांत कापडाची घडी सरकवली आणि बाहीची बटणे काढता काढता विचारले, "वय किती?"

"सोळावा चालू," काशिनाथदादा म्हणाले.

"चौदा," शांताबाई म्हणाल्या.

लग्न होऊन सोळा वर्षे झाली, पण थोरल्या दिरासमोर त्यांनी आजवर कधी तोंड उघडले नव्हते. डोक्यावरचा पदर गाडीतच कुठे तरी पडला होता. "मार्गशीर्षात चौदा पुरी झाली. मी जन्म दिलाय तिला. मला ठाऊक."

"बायकांना काय कळतं?" दादा डॉक्टरांना म्हणाले. "दाखला हाय आमच्याकडे. हेडमास्तरांच्या सहीचा. गेल्या सालीच पंधरा होती."

नरहरी मास्तर तेव्हा दारात उभे होते. दादांनी त्यांच्याकडे पाहिले. शांताबाईंनीही पाहिले. एक शब्द बोलायला ती वेळ पुरेशी होती. मास्तर बोलले नाहीत.

"दाखला ठेवा घरी," डॉक्टर म्हणाले. "हाडांना वाचता येत नाही. एवढी सूज असताना इतके दिवस काय करत होतात तुम्ही? आता बाहेर व्हा सगळे. आईनं थांबावं."

एक वाजता मूल रडले. मुलगा होता, मुठीएवढे तोंड. जयवंतीने ते रडणे ऐकले की नाही, कोणालाच सांगता आले नाही. अडीचच्या सुमारास आकड्या थांबल्या आणि थोड्या वेळाने श्वासही थांबला.

तीन वाजता परीक्षेची घंटा झाली. मास्तर पुन्हा इमारतीपाशी येऊन उभे राहिले होते, कारण मुलांना घरी न्यायचे होते. मंदा धावतच बाहेर आली. तिच्या बोटांना शाई लागली होती.

"मास्तर, एकपण गणित चुकलं नाही! ताईनं सांगितलं तसं आधी कच्चं केलं. कधी एकदा तिला सांगते असं झालंय."

मास्तरांनी तिच्या हातातली प्रश्नपत्रिका घेतली. तिची घडी घातली, पुन्हा उलगडली. "चल," ते म्हणाले. "ताई इथंच आलीय." आणि दवाखान्यापर्यंतच्या त्या अर्ध्या फर्लांगात त्यांना पुढचे वाक्य सापडले नाही.

*

मूल जगणार नाही असे सगळ्यांनी धरले होते. ते शेळीचे दूध ओकून टाकी. तिसऱ्या दिवशी सॅन्टनची बायको मेरी आपल्या पाच महिन्यांच्या मुलाला कडेवर घेऊन आली. तिने आपले मूल मंदाच्या हाती दिले, ते बाळ उचलले आणि पाठमोरी होऊन ओट्याच्या कोपऱ्यात बसली.

"किरिस्तावाचा दूध?" दादा खालून गरजले.

मेरीने मान वळवली नाही. "शांताबाय, दादाला सांग, मी गेले तर पोर संध्याकाळपर्यंत र्‍हाणार नाय. मग दादानं पाजावा."

त्या दिवसापासून मेरी दिवसातून सहा वेळा येऊ लागली. मधल्या वेळी बाळ मंदाच्या मांडीवर असे. तिने शाळेची पुस्तके फडताळात वर टाकली होती. निकालाची चौकशीही केली नाही.

तेरावे झाले, आणखी आठ दिवस गेले. मग आगाशीकडून चुरी मंडळी आली: जयवंतीचे सासरे त्रिंबकभाऊ आणि दोन वडीलधारे. जावई हरेश्वर आला नव्हता. त्रिंबकभाऊ सभ्य माणूस. सून गेल्याचे दुःख त्यांना खरोखर झाले होते. म्हणूनच त्यांचे बोलणे अंगावर जास्त काटा आणी.

"जयवंती आमची लक्ष्मी होती," ते म्हणाले. "गेली, आपलं नशीब. पण घरात दिवा लावायला बाई पाहिजे, लेकराला आई पाहिजे. मावशीसारखी दुसरी आई नाय जगात. सावत्र आणली तं छळेल. मंदा आपल्या डोळ्यांसमोर वाढलेली. वैशाख सरायच्या आत चार अक्षता टाकून घेऊ. तुमचं नातं तुटणार नाय, आमचा नातू पोरका होणार नाय."

"आणि समजा," विद्याधरांनी घसा साफ केला, "समजा, तिचं वय थोडं…"

"मग नातू आम्ही नेतो. आमच्या कुळाचा हाय तो. परक्या घरी कोणाच्या अंगावर पितोय ते पण आलंय आमच्या कानावर."

काशिनाथदादांनी मान डोलावली. थोरली गेली की तिच्या जागी धाकटी द्यायची, हे त्यांच्या लहानपणापासून ते पाहत आले होते. त्यांच्या स्वतःच्या मावशीचे तसेच झाले होते. रीत म्हणजे रीत. स्वतःला बारीक ओरखडाही पडू न देता ती एकीच्या अंगावरून उतरते आणि दुसरीच्या अंगावर चढते.

मधल्या दाराआड शांताबाई सगळे ऐकत होत्या. त्यांच्या मागे मंदा बाळाला थोपटत उभी होती.

पाहुणे गेल्यावर मंदा म्हणाली, "आई, मी गेले तर बाळ माझ्यापाशीच र्‍हाईल ना?"

शांताबाईंनी वळून पाहिले. पोरीच्या चेहऱ्यावर रडू नव्हते. तिने हिशेब नीट केला होता आणि तिला उत्तरही आले होते.

"आणि शाळा?"

"ताई पण नाही गेली." मंदाने बाळाच्या मुठीतून आपले बोट सोडवायचा प्रयत्न केला नाही. "मला कपडे धुता येतात, भाकरी येते. आई, त्या घरात रात्री मी तुला हाक मारली तर ऐकू येणार नाही ना, एवढं लांब आहे?"

शांताबाई मोरीत गेल्या, तोंडावर पाणी मारले आणि पुष्कळ वेळ तिथेच भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे भाऊ शाळेत गेले. सुट्टी होती, तरी नरहरी मास्तर हायस्कुलात जाणाऱ्या मुलांचे दाखले तयार करत बसले होते. निकाल कालच हाती आला होता. मंदा राऊत केंद्रात दुसरी.

"मंदाचा दाखला पाहिजे," दादा म्हणाले.

मास्तरांनी वर पाहिले. क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी विद्याधरांकडे पाहिले. विद्याधर खिडकीबाहेर पाहत होते.

"कशासाठी?"

"लगीन हाय. वय मागच्यासारखं घाला."

मास्तरांनी टाक दौतीशेजारी ठेवला. "नाही."

"मागल्या वेळी दिलात."

"दिला. म्हणूनच नाही म्हणतो."

दादांचा आवाज खाली आला. "मास्तर, तो कागद माझ्याकडे हाय. रजिस्टर तुमच्याकडे. दोन्ही शिक्षणखात्याच्या साहेबापुढं ठेवले तं कोणाची नोकरी जाईल?"

"माझी." मास्तरांनी रजिस्टर मिटून जवळ ओढले. "दादा, दवाखान्यात तुम्ही माझ्याकडे पाहिलंत तेव्हा मी गप्प बसलो. त्यानंतर एकही दिवस मला पोटभर जेवण गेलेलं नाही. साहेबापुढं तुम्ही कशाला जाता? मीच जाईन."

विद्याधर जाताना उंबऱ्यात घुटमळले आणि विचारले, "मंदा कितवी आली?"

"दुसरी. गणितात शंभरपैकी शंभर."

विद्याधरांनी मान हलवली आणि भावाच्या मागून गेले.

दाखला नसला म्हणून काही लग्न थांबत नाही. साखरपुड्याचा दिवस ठरला. राऊतांच्या ओटीवर सतरंजी पडली, चुरी मंडळी बसली, तबकात साखर आणि खण आला. मंदाला हिरवे लुगडे नेसवले होते. ते तिच्या खांद्यावरून सारखे घसरत होते. बाहेर काम करणाऱ्या बायका आवाज न करता कामे करत होत्या. धोंडूबाई फाटकाशी येऊन उभी राहिली होती आणि आत यायचे नाव घेत नव्हती.

भटजींनी विचारले, "मुलीला बोलवायचं ना?"

तेवढ्यात नरहरी मास्तर पायऱ्या चढून आले. काखेत शाळेचे रजिस्टर होते. त्यांना कोणी बसा म्हटले नाही. उभ्याउभ्याच त्यांनी खूण घातलेले पान उघडले आणि वर्गात हजेरी वाचावी तशा आवाजात वाचले.

"जयवंती विद्याधर राऊत. जन्म बारा डिसेंबर एकोणीसशे छत्तीस. लग्न झालं तेव्हा वय तेरा वर्षं, पाच महिने. गेली तेव्हा चौदा वर्षं, चार महिने." त्यांनी चष्मा काढला. "माझ्या सहीच्या कागदावर पंधरा आहे. ते खोटं आहे. मी लिहिलं. उद्या सकाळी वसईच्या कोर्टात जाऊन मी हे प्रतिज्ञेवर सांगणार. आणि मंदाचं वय बारा वर्षं नऊ महिने आहे, हेही तिथंच सांगणार."

त्रिंबकभाऊ म्हणाले, "मास्तर, तुम्ही पण आत जाल."

"जाईन. तुम्ही, मी, दादा, विद्याधर. सगळ्यांनी मिळून केलेलं आहे ते."

"पोराचं काय?" त्रिंबकभाऊंचा आवाज चढला. "त्या तान्ह्याची तरी दया येऊ द्या! आणा तो पोरगा. आम्ही नेतो त्याला."

मधले दार उघडले. शांताबाई बाहेर आल्या, बाळाला छातीशी धरून. त्या पुरुषांच्या बैठकीत, सतरंजीच्या मधोमध येऊन बसल्या. मागे मेरी होती. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"न्या," शांताबाई म्हणाल्या. "हा घ्या. दीड तासानं त्याला भूक लागेल. तोवर तुम्ही आगाशीला पोचणार नाही. वाटेत कोणाच्या पदराखाली द्यायचं ते आत्ताच ठरवून न्या."

त्रिंबकभाऊंनी हात पुढे केले नाहीत.

"तुमचा नातू आहे, तुमचाच राहील. कधीही या, बघून जा. मोठा झाला की तुमच्या घरी धाडीन. पण त्याला जगवायला मी आहे, ही मेरी आहे. मंदा नाही." त्यांचा आवाज फाटला, तरी थांबला नाही. "एक पोर मी गप्प बसून दिली. पाय सुजले तेव्हाही गप्प बसले, कारण मोठी माणसं बोलत होती. तुम्हाला आई पाहिजे म्हणता. ती बारा वर्षांची आहे हो! तिलाच अजून आई लागते."

"शांता, आत जा," काशिनाथदादा म्हणाले.

"ती इथंच बसेल, दादा."

हे विद्याधर बोलले होते. त्यांचे त्यांनाच ते ऐकून नवल वाटलेले दिसले. त्यांनी तबक उचलले, त्यातला खण घडी मोडू न देता त्रिंबकभाऊंपुढे ठेवला आणि हात जोडले. "लग्न होणार नाही. मला माफ करा. हे मी गेल्या वर्षीच म्हणायला पाहिजे होतं."

चुरी मंडळी उठली. त्रिंबकभाऊ पायऱ्यांवर थांबले, परत वळले आणि बाळाच्या कपाळाला बोट लावून गेले. काशिनाथदादांनी त्या दिवसापासून भावाच्या घरचे पाणी सोडले. वाडीच्या मधोमध कुंपण पडले.

नरहरी मास्तर बोलल्याप्रमाणे कोर्टात गेले. खटला चालला, दंड झाले. मास्तरांना आधी तात्पुरते आणि मग कायमचे नोकरीवरून कमी केले. त्यांनी त्याविरुद्ध अर्ज केला नाही. जून महिन्यात हायस्कूल उघडले तेव्हा ते हेडमास्तर नव्हते, तरी छत्री घेऊन राऊतांच्या फाटकाशी आले. मंदा आणि सेलिन त्यांची वाट पाहत उभ्या होत्या. त्या वाटेने पोचवलेल्या या पहिल्या दोन मुली.

गोष्ट इथे संपली असती तर वाचणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला दोघांनाही बरे वाटले असते.

जुलै महिन्यात सॅन्टन भाजी घेऊन आगाशीच्या बाजूला गेला होता. त्याने येताना बातमी आणली. हरेश्वर चुरीचे लग्न होऊन गेले. ज्येष्ठातच झाले, गाजावाजा न करता. मुलगी उत्तरेकडच्या कोणा गावची, हंसा नावाची. बापाने पाच वर्षांत उजवलेली ही तिसरी लेक.

मंदा बाळाचे लंगोट वाळत घालत होती. तिने विचारले, "ती कितवीत होती?"

सॅन्टनला ते ठाऊक नव्हते. त्याला विचारावेसेही वाटले नव्हते. शांताबाईंच्या हातातले सूप खाली आले. आपली पोर वाचवताना ती जागा रिकामी राहिली आहे आणि रिकाम्या जागेला कोणी तरी लागणार आहे, हे त्या दिवशी ओटीवर बसलेल्या एकाच्याही मनात आले नव्हते.

नरहरी मास्तर दुसऱ्याच दिवशी निघाले. विचारत विचारत, चिखल तुडवत ते हंसाच्या गावच्या शाळेत पोचले तेव्हा दुपारची सुट्टी झाली होती. तिथले मास्तर तरुण होते, नुकतेच नोकरीला लागलेले. पाहुण्याला त्यांनी खुर्ची दिली. हंसाचे नाव काढताच त्यांचा चेहरा उतरला.

"सातवीत होती. कविता छान म्हणायची." मग दाराकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "दाखला मीच दिला, गुरुजी. लग्न तर होणारच होतं. सगळेच देतात."

"मीही दिला होता," नरहरी मास्तर म्हणाले. आणि त्यांनी त्या तरुण माणसाला जयवंतीची हकिगत सांगितली. काही गाळले नाही, दवाखान्याच्या दारातले आपले गप्प बसणेही नाही.

ऐकता ऐकता तो डोके हातांत धरून बसला. मग म्हणाला, "आता हंसासाठी काय करता येईल?"

"ठाऊक नाही. तिच्या सासऱ्याकडे जाईन. दोन वर्षं तिला माहेरी ठेवा म्हणून पाया पडेन. ऐकतील की नाही, सांगता येत नाही. मी महिनाभर उशिरा आलो." नरहरी मास्तरांनी छत्री उचलली. "या वर्षी सातवीत मुली किती तुमच्याकडे?"

"चार."

"घरं दाखवा."

"शाळा सुटल्यावर जाऊ या का?"

"आत्ता जाऊ. पोरी शाळेत असतानाच आईबापांशी बोललेलं बरं."

पहिले घर शाळेमागेच होते. पावसाची झड आली होती, दोघेही भिजले होते. अंगणात भात सडणारी बाई मास्तरांना पाहून दचकून उठली. हातातले मुसळ तिने भिंतीशी टेकवले.

"काय झाला, मास्तर? पोरीनं काय केला?"

तरुण मास्तरांनी नरहरी मास्तरांकडे पाहिले. नरहरी मास्तर एक पाऊल मागे सरले. हे त्या तरुणाने स्वतःच सांगायचे होते.

"तिनं काही केलेलं नाही, बाई," तो म्हणाला. "आम्ही काही करून बसायच्या आधी तुमच्याशी बोलायला आलोय. घरात मोठी माणसं असतील त्यांनाही बोलवा. आणि तुम्ही आत जाऊ नका. इथंच बसा."